ग्राम सुरक्षा यंत्रणा : मळ्यात राहून चार हिवाळे वापरल्यानंतरचा अभिप्राय

शिरूर तालुक्यातील आमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू होऊन चार हिवाळे झाले. मी वर्षे न मोजता हिवाळे मोजते, कारण आमच्याकडे या यंत्रणेची कसोटी ऑक्टोबर ते मार्च याच काळात लागते. ऊस तोडणीला आलेला असतो, शेतीपंपांना थ्री फेज वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळते, त्यामुळे माणसे अंधारात दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातात. तोडणीमुळे आडोसा गेलेले बिबटे बांधांवर दिसू लागतात, आणि रोहित्रातील तांबे व पंपाच्या केबल चोरणाऱ्यांचाही हंगाम हाच असतो. गावठाणात थोडीच घरे आहेत. बाकीची वस्ती मळ्यांमध्ये विखुरलेली आहे आणि एका मळ्यातील आरडाओरडा दुसऱ्या मळ्यात ऐकू जाईलच याची खात्री नसते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. ओढ्याकाठच्या मळ्यात सासूबाई आणि मी अशा दोघीच राहतो, म्हणून या सेवेविषयी लिहिताना मी कोणाची बाजू मांडत नाही, फक्त माझ्या घराची गरज सांगते.

ज्या गावांत ही यंत्रणा अजून आलेली नाही तेथील वाचकांसाठी तिचे काम थोडक्यात सांगते. पुणे, नाशिक, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांत पोलीस आणि ग्रामपंचायती मिळून ती चालवतात. गावातील लोकांचे मोबाइल क्रमांक आधी नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्या माणसाने टोल फ्री क्रमांक फिरवून आपल्या आवाजात थोडक्यात निरोप सांगायचा. तोच आवाज लगेच गावातील सर्व नोंदणीकृत मोबाइलवर फोन म्हणून वाजतो. आमच्या गावातील निरोप पोलीस पाटलांना आणि पोलिसांनाही जातो. हा मजकुराचा संदेश नसून फोनची घंटा असल्यामुळे झोपेतल्या माणसाला जाग येते. साध्या बटणाच्या फोनवर ती चालते, इंटरनेट लागत नाही, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही ती वापरता येते. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण घरातल्या फोनवर तो क्रमांक एका बटणावर बसवून दिल्यावर त्यांनी दोन दिवसांत तो पाठ केला. पूर्वी एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हाळी दिली जात असे. सासूबाई आजही या फोनला ‘हाळी’च म्हणतात, आणि मलाही तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो, कारण हाळी देणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असतो.

ही ओळख किती कामाची असते ते मला दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतील एका रात्री कळले. त्या रात्री आमच्या बाजूची वीज बंद होती. दीडच्या सुमारास कुत्रे एकाच दिशेला तोंड करून भुंकू लागले आणि विहिरीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. खिडकीची फळी किंचित सरकवून पाहिले, तर डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, खांबाजवळ दोन विजेऱ्या हलत होत्या आणि पाणंदीच्या तोंडाशी एक पिकअप दिवे मालवून उभी होती. मी आधी ११२ फिरवला आणि लगेच दुसरा फोन यंत्रणेला केला. माझा निरोप मला आजही जसाच्या तसा आठवतो : ‘मी ओढ्याकाठच्या मळ्यातून शाळेच्या बाई बोलते आहे. आमच्या विहिरीजवळच्या डीपीवर चोर आहेत. तीन-चार माणसे दिसतात. पिकअप पाणंदीच्या तोंडाशी आहे. एकट्याने येऊ नका, चौघे-पाच जण मिळून या आणि पाणंद अडवा.’ निरोप संपतो न संपतो तोच उशाशी ठेवलेला सासूबाईंचा फोन वाजला आणि त्यातून माझाच आवाज ऐकू आला. तो घाबरलेला होता, तरी शब्द स्पष्ट होते, याचे मला नंतर समाधान वाटले.

सात-आठ मिनिटांत तिन्ही बाजूंच्या मळ्यांतून विजेऱ्या निघाल्या. चोरांनी अर्धवट ओढलेली तांब्याची गुंडाळी तेथेच टाकली आणि पाणंद पूर्ण अडवली जाण्याआधी ते उसातून पळाले. पिकअप मात्र बांधाला अडकून राहिली आणि ती पोलिसांना मिळाली. ‘बाई, तुम्ही बाहेर येऊ नका, आम्ही आलोय,’ ही ओट्यावरून आलेली पोलीस पाटलांची हाक ऐकल्यावर मी दाराची कडी काढली. सकाळी रोहित्राचे तेल कांद्याच्या वाफ्यांत पसरलेले दिसले. पाती तेलाने जमिनीला चिकटल्या होत्या आणि त्या वासाने डोळ्यांत पाणी येत होते. दोन वाफे गेले आणि रोहित्र दुरुस्त होईपर्यंत गव्हाची एक पाळी चुकली. पण त्या रात्री आम्ही दोघी एकट्या नव्हतो, आणि मला या सेवेकडून मुख्यतः तेवढेच हवे होते.

येथे ११२ विषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण एक असताना दुसरी कशाला, असा प्रश्न ग्रामसभेत नेहमी येतो. ११२ ही राज्याची आपत्कालीन सेवा आहे. महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये सुरू झाली, तिची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत, आणि तेथे घेतलेला फोन जवळच्या पोलीस वाहनाकडे पाठवला जातो. तेथे फोन घेणाऱ्याला आमची पाणंद माहीत नसते आणि ती माहीत असावी अशी अपेक्षाही करता येत नाही. उलट शेजाऱ्याला पाणंद माहीत असते, पण गुन्हा नोंदवण्याचा, पंचनामा करण्याचा आणि आरोपीला ताब्यात ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. आमच्यापासून पोलीस ठाणे वीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. गाडी तत्काळ निघाली तरी तिला अंतर कापावे लागते, आणि तेवढ्या वेळाची सोबत ही यंत्रणा देते. म्हणून दोन्ही फोन करावेत, आणि आधी ११२ करावा, असे माझे मत आहे. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांकही लावावा, कारण पिंजरा लावणे किंवा जनावर पकडणे गावकऱ्यांचे काम नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. तेव्हापासून संध्याकाळी एखादा निरोप आला रे आला की मळ्यातल्या आया पोरांना आत घेतात आणि मगच चूल पेटवतात. ‘बिबट्या बंधाऱ्याकडून वरच्या आळीकडे गेला आहे’ एवढ्या माहितीचे मोल येथे राहणाऱ्यालाच समजते.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा अभिप्राय लिहायला बसले तो सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात रात्री अकराच्या सुमारास गावातील एका तरुणाने निरोप दिला की, बंधाऱ्याजवळ संशयित माणसे फिरत आहेत आणि ती पोरे पळवणारी टोळी असावी. त्याने पाहिले होते एवढेच, की चार अनोळखी माणसे विजेरी घेऊन उसाच्या कडेने चालली आहेत. ‘टोळी’ हा शब्द त्याच्या भीतीने जोडला होता. त्याच वर्षी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात, पुणे ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावेच्या गावे जागी राहिली होती आणि ती धास्ती अजून मनातून गेलेली नव्हती. दहा मिनिटांत बंधाऱ्यावर चाळीसएक माणसे काठ्या घेऊन जमली. ती चार माणसे मेंढपाळ होती. त्यांची घोडी दावे तोडून गेली होती आणि तिला ते शोधत होते. त्यांच्यापैकी सर्वांत वयस्कर माणसाच्या तोंडात कोणीतरी मारली होती, ओठ फुटला होता आणि पागोटे चिखलात पडले होते.

पोलीस पाटील धावत आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘तुमचा वाडा कोणाच्या रानात बसलाय?’ वाडा म्हणजे मेंढ्यांचा तळ. मेंढपाळाने एका शेतकऱ्याचे नाव सांगितले. खतासाठी मेंढ्या बसवायला त्यानेच त्यांना बोलावले होते. पाटलांनी सर्वांसमोर त्या शेतकऱ्याला फोन लावला, आवाज मोठा केला, आणि ‘अहो, माझ्याच रानात आहेत ते, चार दिवस झाले’ हे शब्द सगळ्यांनी ऐकले. पाटलांनी वाकून पागोटे उचलले, झटकले आणि त्या माणसाच्या हातात दिले. कोणीही काही बोलले नाही. मी हे दृश्य दहा हातांवरून पाहिले आहे आणि मारणाऱ्यांमध्ये माझा एक जुना विद्यार्थी होता, हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

त्या रात्री पाटील वेळेवर आले नसते तर काय झाले असते, हे महाराष्ट्राने याआधी पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पोरे पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ती भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची माणसे होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी लोक आपापल्या परीने गावाचे रक्षणच करत आहोत असे समजत होते. गावाला एका क्षणात जागे करणारे साधन चुकीच्या शब्दांनी वापरले गेले तर ते जमाव गोळा करण्याचेही साधन ठरू शकते. म्हणून ही सेवा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक गावाने फोनच्या आधी निरोपाचे शब्द ठरवावेत, असे मी कळकळीने सांगते.

आम्ही त्या प्रसंगानंतर ग्रामसभेत काही गोष्टी ठरवल्या. निरोपात जे डोळ्यांनी दिसले तेच सांगायचे. माणसे किती, कोणत्या बाजूला, गाडी कोणती, एवढेच, आणि ‘असावेत’, ‘वाटते’ हे शब्द वापरायचे नाहीत. अनोळखी माणूस दिसला, पण प्रत्यक्ष गुन्हा घडत नसेल, तर निरोप न देता आधी पोलीस पाटलांना फोन करायचा आणि पुढचे त्यांनी ठरवायचे. कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. याबाबत कायदाही स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पकडणे म्हणजे मारणे नव्हे, हे वाक्य आम्ही चावडीच्या भिंतीवर टोल फ्री क्रमांकाखाली रंगवून घेतले आहे, आणि पहिले अक्षर माझ्या त्या विद्यार्थ्याने रंगवले.

पोलीस पाटलांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने निर्माण केलेले हे पद शहरी वाचकांना कदाचित जुनाट वाटेल. त्यांचे मानधन २०२४ पर्यंत महिना ६,५०० रुपये होते आणि त्या वर्षी ते १५,००० रुपये करण्यात आले. पण त्या रात्री बंधाऱ्यावर ‘वाडा कोणाच्या रानात बसलाय’ हा प्रश्न त्यांनाच सुचू शकला, कारण मेंढपाळ कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने येतात, कोण कोणाच्या रानात बसतो, हे त्यांना ठाऊक होते. असे ज्ञान कोणत्याही दूरध्वनी यंत्रणेत भरता येत नाही.

हेच बीट अंमलदाराच्या, म्हणजे गावाची जबाबदारी दिलेल्या पोलिसाच्या, बाबतीतही खरे आहे, आणि येथे माझी एक तक्रार आहे. माझ्या माहेरच्या गावी, जे दुसऱ्या तालुक्यात आहे, दोन वर्षांत तीन बीट अंमलदार बदलले आणि चावडीवरील फलकावर पहिल्याचाच क्रमांक राहिला. माझ्या भावाने चोरीच्या रात्री तो लावला, तेव्हा पलीकडच्या हवालदारसाहेबांनी सौजन्याने सांगितले की, त्यांची बदली होऊन वर्ष झाले. माणूस नवा असला तरी चालेल, पण त्याने पहिल्या पंधरा दिवसांत गावात येऊन चहा घ्यावा, किराणा दुकानदार, आशाताई, दूधडेअरीचा सचिव यांची ओळख करून घ्यावी आणि फलक बदलावा. १९८४ च्या भीषण हिंदू-मुस्लिम दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. पोलीस आणि दोन्ही समाजांतील सामान्य माणसे त्यांत नियमित एकत्र बसत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यामागे या बैठकांतून झालेली ओळख होती. संवेदनशील शहर आणि आमचे मळे यांत फार फरक आहे, तरीही भेटीगाठींचे काम दोन्हीकडे सारखेच लागते.

गुण द्यायचे झाले तर मी या सेवेला पाचपैकी चार देते, आणि जो एक गुण कापते तो आमच्या गावाने तिची यादी ज्या प्रकारे ठेवली त्यासाठी. सुरुवातीला नोंदणी कुटुंबप्रमुखांच्या नावाने झाली. म्हणजे क्रमांक पुरुषांचे. त्यांपैकी कित्येक जण रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळीला असतात; फोन त्यांच्या खिशात वाजतो आणि घरी बायकामुलांना काहीच कळत नाही. नव्या सुनांचे क्रमांक नव्हते, भाड्याने राहणाऱ्या कामगारांचे नव्हते, ज्यांनी सिमकार्ड बदलले त्यांचे जुनेच क्रमांक होते. दुसरी गोष्ट अशी की, मधल्या काळात ग्रामसभा, रेशन, लसीकरण अशा सूचनांसाठीही निरोप जाऊ लागले. त्या सूचना उपयोगाच्या असतात आणि यंत्रणेत त्यांची सोयही आहे, परंतु दिवसातून तीनदा फोन वाजू लागला की माणसे तो न ऐकताच ठेवतात, आणि मग रात्रीच्या फोनलाही तीच सवय लागते. आता आम्ही अशा सूचना आठवड्यातून एकदाच आणि दिवसाच देतो. मोबाइलला रेंज न मिळणाऱ्या खोलगट भागातील तीन मळ्यांसाठी मात्र अजून उपाय सापडलेला नाही. तेथे शेजारच्या मळ्याने फटाका वाजवायचा असे ठरले आहे.

यादीतून सर्वांत मोठ्या संख्येने सुटलेली माणसे ऊसतोड मजूर होती. बीड, पाथर्डीकडून येणाऱ्या टोळ्या चार-पाच महिने आमच्याच रानात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, करून राहतात. पहाटेच्या अंधारात तेच उसात शिरतात, त्यांची लहान मुले उघड्यावर झोपतात, बिबट्याचा धोका सर्वांत जास्त त्यांना असतो, आणि काही चोरीला गेले की संशयही आधी त्यांच्यावरच घेतला जातो. पहिले तीन हिवाळे त्यांच्यापैकी एकाचाही क्रमांक आमच्या यादीत नव्हता, ही माझीही चूक आहे, कारण नोंदणीच्या वह्या माझ्याच हातात होत्या.

यंदा टोळी उतरली त्याच आठवड्यात पोलीस पाटील आणि मी कोप्यांवर गेलो. चौदा कोयत्यांची, म्हणजे चौदा नवरा-बायकोच्या जोड्यांची, टोळी होती. मुकादमाने स्वतःचा एकच क्रमांक पुरेसा आहे असे सांगितले, पण पाटलांनी प्रत्येक कोपीतून एक क्रमांक मागितला आणि शक्यतो बाईचा मागितला, कारण रात्री मुलांजवळ तीच असते. चुलीसमोर भाकरी थापणाऱ्या एका तरुण बाईने पिठाचा हात पदराला पुसून आपला फोन माझ्याकडे दिला आणि विचारले, ‘बाई, ह्याच्यात आमी बी बोलू शकतो का, का निस्तं ऐकायचं?’ मी तिला सांगितले की बोलूही शकता, आणि तिच्याच फोनवरून क्रमांक फिरवून बिबट्या दिसला तर काय सांगायचे, ते दोनदा म्हणून घेतले. तिला आपल्या कोपीची जागा सांगता येईना, कारण आमच्या रानांची नावे तिला माहीत नव्हती. मग आम्ही ठरवले की तिने ‘चिंचेजवळची कोपी’ म्हणायचे, आणि त्या रविवारी सर्व मळ्यांना निरोप दिला की, चिंचेजवळची कोपी म्हणजे कालव्याच्या दुसऱ्या पुलाशेजारचे रान.